प्रायव्हेट की शेअर्ड स्कीमा? ओरॅकलचे युजर डिरेक्टरीत नेण्याआधी

ओरॅकल डेटाबेसमधले शे-दोनशे युजर केंद्रीय डिरेक्टरीत (सगळ्यांची खाती एकाच जागी ठेवणाऱ्या यादीत) न्यायचे ठरले की सगळी चर्चा टूलभोवती फिरते. मला विचाराल तर आधी एकच गोष्ट ठरवा: प्रत्येकाची स्कीमा (त्याच्या नावावरचा टेबलं वगैरेंचा संच) त्याच्याकडेच ठेवायची, म्हणजे प्रायव्हेट, की सगळ्यांना एका सामाईक, म्हणजे शेअर्ड, स्कीमावर आणायचं? हे स्थलांतर करणाऱ्या ओरॅकलच्या ‘युजर मायग्रेशन युटिलिटी’त हा फक्त ‘मॅपस्कीमा’ या पॅरामीटरचा प्रश्न आहे, पण त्याचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागतात.

प्रायव्हेटमध्ये टेबलं, व्ह्यू, ग्रँट (दिलेले अधिकार) सगळं जागच्या जागी राहतं, फक्त पासवर्ड डिरेक्टरीतल्या नोंदीवरून तपासला जातो. मात्र माणूस सोडून गेला, डिरेक्टरीतून काढला, तरी त्याची स्कीमा मागे उरतेच. शिवाय प्रत्येक डेटाबेसमध्ये त्याचा युजर वेगळा बनवावा लागतो.

शेअर्डमध्ये नवा माणूस आला तर डेटाबेसला हातही लावावा लागत नाही. म्हणूनच तो पर्याय मोहात पाडतो, आणि घातही इथेच होतो. ‘कॅस्केड’ हा पॅरामीटर (जुना युजर काढताना त्याचे ऑब्जेक्टही काढायचे का) मुळात ‘नो’ असतो, त्यामुळे ज्याच्या नावावर टेबलांसारखे ऑब्जेक्ट आहेत तो युजर हलतच नाही. घाईत कुणी ‘येस’ केलं, तर युजरबरोबर त्याची टेबलंही ड्रॉप होतात. त्यामुळे आधी डीबीए_ऑब्जेक्ट्स या ओरॅकलच्या यादीतून मालकवार मोजणी काढाच.

दुसरी अडचण उशिरा कळते. ट्रिगरमध्ये (टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) ‘नोंद कुणी केली’ हा कॉलम यूजर फंक्शनने भरत असाल, तर मायग्रेशननंतर प्रत्येक ओळीत सामाईक स्कीमाचंच नाव दिसेल. खरा माणूस हवा असेल तर सिस_कॉन्टेक्स्ट या फंक्शनमधून एंटरप्राइज_आयडेंटिटी, म्हणजे डिरेक्टरीतली ओळख, घ्यावी लागते. असे ट्रिगर शोधून बदलणं हेच या कामातलं सर्वांत वेळखाऊ काम.

युटिलिटी दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा फक्त एक इंटरफेस टेबल भरतो, दुसरा प्रत्यक्ष बदल करतो. मधल्या थांब्यावर टेबलातली ओळन् ओळ वाचा, विशेषतः ‘लक्ष द्या’ अशी खूण असलेल्या. आपोआप तयार झालेले नवे पासवर्डही याच टेबलात असतात, तेव्हा ते कोण वाचू शकतं हे आधी पाहा.

मायक्रोसॉफ्टची अॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर ओरॅकलच्या १८सी आवृत्तीपासून ‘सेंट्रली मॅनेज्ड युजर्स’ हा थेट मार्ग आहे, मधे ओरॅकलची वेगळी डिरेक्टरी लागत नाही. ही युटिलिटी ज्या ‘एंटरप्राइज युजर सिक्युरिटी’साठी आहे, ती २३एआय आवृत्तीत डेप्रिकेट (पुढे वापरू नये अशी घोषित) झाली आहे, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. मात्र सेंट्रली मॅनेज्ड युजर्समध्ये पासवर्डने लॉगिन हवं असेल तर डोमेन कंट्रोलरवर (अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या सर्व्हरवर) ओरॅकलचा पासवर्ड फिल्टर बसवावा लागतो आणि प्रत्येकाला एकदा पासवर्ड बदलावा लागतो. विंडोजवाली टीम इथे अडते. केर्बेरॉस (पासवर्डऐवजी तिकिटाने ओळख पटवण्याची पद्धत) वापरलं तर ही भानगड नाही.

स्कीमाचा प्रश्न मात्र तिथेही तोच: युजर एका व्यक्तीच्या डीएनला (डिरेक्टरीतल्या पूर्ण नावाला) जोडायचा की ग्रुपच्या. मी स्वतः फक्त वाचणारे युजर ग्रुपवर टाकेन आणि ऑब्जेक्टचे मालक व्यक्तीला जोडून ठेवेन.