'आयोवाचा मराठी डिप्लोमा' : पैसे भरण्याआधी हे वाचा

कथा-कविता लिहिणाऱ्या हौशी लोकांना हेरून सध्या एक धंदा जोरात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. संस्थेचं नाव देत नाही. तक्रार चालू आहे, आणि तसंही नाव ते सारखं बदलत असतात.

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं नाव लावून जाहिरात अशी होती : 'आयोवा विद्यापीठाच्या सहकार्याने सर्जनशील लेखन डिप्लोमा, संपूर्ण मराठीतून, घरबसल्या.' रविवारी संध्याकाळी झूमवर फुकट परिचयसत्र. बोलणारे 'सर' चांगले तयारीचे. कवी दिलीप चित्रेंचा फोटो पडद्यावर लावून म्हणाले, "चित्रे जिथे गेले, तिथलं सर्टिफिकेट आता तुमच्या भिंतीवर." चित्रे १९७५ ते ७७ या काळात आयोवात होते हे खरंच आहे, आणि मेख तिथेच आहे. ते गेले होते इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमला. १९६७ साली सुरू झालेला हा उपक्रम म्हणजे कोर्स नव्हेच. देशोदेशीच्या लिहित्या लेखकांना तिथे राहायला बोलावतात. परीक्षा नाही, पदवी नाही. त्याच विद्यापीठाचं रायटर्स वर्कशॉप ही वेगळी गोष्ट. ते १९३६ पासूनचं, दोन वर्षांचं एम.एफ.ए. (पदव्युत्तर पदवी), आणि प्रवेश तुमचं लेखन वाचून देतात. सरांनी दोन्हींची खिचडी करून तिसराच पदार्थ आमच्या पानात वाढला.

फी ४२ हजार, 'आज रात्री बारापर्यंत' ३५. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव दिसायचं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. एकाने विचारलंही. त्यावर उत्तर तयार : "परदेशी खात्यात थेट भरलं तर तुम्हालाच जास्त चार्जेस पडतात, म्हणून आम्ही इथे गोळा करून पाठवतो." ऐकायला पटतं.

व्हिडिओ लेक्चर्स यथातथा होती, त्याबद्दल फार बोलत नाही. खरं आमिष होतं ते 'आयोवाचे मेंटॉर तुमचं लेखन वाचून अभिप्राय देतील' हे. गावाकडे राहून लिहिणाऱ्याला वाचणारं माणूस मिळत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलेलं. मी उपसा सिंचनाच्या मोटारीवरून बिनसलेल्या दोन भावांची कथा पाठवली. अभिप्राय आला : 'संवाद अतिशय नैसर्गिक. मुख्य पात्राचा आंतरिक प्रवास अधिक खोल हवा. शेवट धक्का देऊन जातो.' आता, माझ्या कथेतल्या भावांनी अबोला धरलाय. अख्ख्या कथेत एक संवाद नाही! लातूरच्या एका ताईंनी गझल पाठवली होती. त्यांना फोन करून अभिप्राय वाचायला सांगितला, तर शब्द न् शब्द तोच. गझलेतल्या मुख्य पात्राचा आंतरिक प्रवास. आम्ही दोघंही हसलो, पण पैसे गेल्याचं त्याच क्षणी कळलं.

पुढे 'विद्यार्थ्यांचा कथासंग्रह' निघाला. त्यात यायचं तर आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) साडेतीन हजार, शिवाय वीस प्रती विकत घेणं सक्तीचं. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन. त्याचे पैसे कुणी मागितले की तिथेच थांबा.

सर्टिफिकेट मात्र झोकात आलं. सोनेरी किनार, उठावाचा शिक्का, आणि आयोवाच्या स्पेलिंगमध्ये आयच्या जागी चक्क एल. विद्यापीठाला मेल केला. उत्तर दोन ओळींचं : असा कोणताही करार नाही.

'डिप्लोमा' हा शब्दही मुद्दाम निवडलेला. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याचं कलम २२ पदवी कोण देऊ शकतं ते ठरवतं. डिप्लोमाच्या नावाखाली मग कुणीही दुकान थाटतो. मान्यताप्राप्त विद्यापीठांनासुद्धा ऑनलाइन कोर्स फ्रँचायझीने चालवायला परवानगी नाही, हे यूजीसीने जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे बजावलंय. घरबसल्याच शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा आहे, पण तो इंग्रजी लेखनाचा.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी वाद आहे" म्हणून वाटेला लावत होते. एकच अभिप्राय दोघांना आल्याचे कागद आणि विद्यापीठाचा मेल समोर ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज घेतला. ज्यांनी नुकतेच पैसे भरलेत त्यांनी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तर आली. बाकीच्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका. आमच्या ग्रुपमधून सरांनी स्वतःचे मेसेज भराभर उडवले. ताईंनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून निभावलं.

गेल्या आठवड्यात नवी जाहिरात फिरतेय. संस्थेचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, आणि या वेळी विद्यापीठ इंग्लंडचं, ईस्ट अँग्लिया. तिथे सर्जनशील लेखनाचं एम.ए. १९७० पासून आहे, तेवढं खरं. क्यूआर कोड स्कॅन करून पाहिला. एंटरप्रायझेस तेच.