आउटपुट फाइलमध्ये ठेवायचंय: '>' की 'टी'?

तासभर चालणारी स्क्रिप्ट आहे आणि तिचं आउटपुट जपून ठेवायचंय. आउटपुट फाइलकडे वळवणारं '>' थेट लावावं, की पाइप ('|') करून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून, 'टी' (tee) या कमांडकडे द्यावं? नळाच्या 'टी' जोडावरूनच त्याचं नाव पडलंय: एक धार फाइलमध्ये, दुसरी पडद्यावर. पण खरा फरक पडद्याचा नाही. '>'चं काम शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) स्वतः करतं, तेही कमांड सुरू होण्याआधी. 'टी' हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम.

शेल आधी फाइल उघडतं, म्हणजे आधी ती रिकामी करतं. 'सॉर्ट यादी > यादी' लिहिलंत की सॉर्टच्या हाती कोरी पाटी. (माझी महिनाभराची नोंद अशीच गेली.) बॅश या शेलमध्ये 'सेट -ओ नोक्लॉबर' केलं की '>' जुन्या फाइलीवर लिहायला नकार देतं; मुद्दाम पुसायचीच असेल तर '>|'. हे कवच 'टी'ला मात्र लागू नाही. तो बिनदिक्कत फाइल पुसतो. जुन्या मजकुराच्या शेवटी जोडायचं तर '>>', आणि 'टी'ला '-ए'.

'सुडो एको … > /इटीसी/होस्ट्स' का अडतं, तेही यातूनच कळतं. सुडो कमांडला प्रशासकाचे अधिकार देतो, एको मजकूर छापतो, आणि ही फाइल लिहायला प्रशासकच लागतो. सुडोचे अधिकार एकोला मिळाले, फाइल उघडायला गेलं ते तुमचं साधं शेल. इथे '| सुडो टी -ए' हाच सोपा मार्ग.

'टी'ची किंमत एक्झिट कोडमध्ये (कमांड संपताना यश-अपयश सांगणारा आकडा; शून्य म्हणजे यश) मोजावी लागते. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा, म्हणजे 'टी'चा: शून्य, सगळं आलबेल! आधी 'सेट -ओ पाइपफेल' करा, म्हणजे पाइपमधल्या कोणाचंही अपयश निकालात दिसेल. ओळी थांबून थांबून गठ्ठ्याने येतात ते बफरमुळे (प्रोग्रॅम आउटपुट साठवून एकदम सोडतो), आणि तसं दोन्हीकडे होतं. 'टी'सोबत ते डोळ्यांसमोर दिसतं एवढंच.

एरर दोन्हीकडे वेगळ्या सांगाव्या लागतात; '2>&1' म्हणजे एररही त्या क्षणी आउटपुट चाललंय तिकडेच पाठवा. '> नोंद 2>&1' बरोबर; उलट क्रमाने '2>&1 > नोंद' लिहिलं तर एरर पडद्यावरच राहतात, कारण शेल डावीकडून उजवीकडे जातं. 'टी'ला '2>&1 | टी नोंद' पुरतं.

समोर बसून इन्स्टॉलेशन बघत असाल तर मी 'टी' घेईन, पाइपफेलसह. ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये '>> नोंद 2>&1'. तिथे पडदा बघायला कोणी नसतं, आणि 'टी' लावलात तर तेच आउटपुट क्रॉन रोज मेलनेही पाठवू पाहील.