पहिला रिसर्च: केस रिपोर्ट की जुन्या फाइल्सचा स्टडी?

न्यूरॉलॉजीला नुकताच लागलेला एक ज्युनिअर विचारत होता, पहिल्यांदा काय करू. वेळेचं म्हणाल तर केस रिपोर्ट (एखाद्याच वेगळ्या पेशंटबद्दलचा लेख) ड्युटी सांभाळून दोन-तीन महिन्यांत लिहून होतो, पेशंटची लेखी संमती मात्र डिस्चार्जच्या आधीच घ्या, नंतर फोन लागत नाहीत. रेट्रोस्पेक्टिव्ह स्टडीला, म्हणजे जुन्या फाइल्सवरच्या स्टडीला, एथिक्स कमिटी, डेटा, स्टॅटिस्टिक्स धरून वर्ष सहज जातं, आणि खरी डोकेदुखी फाइल्सचीच, स्ट्रोकच्या पेशंटचा एनआयएचएसएस स्कोअर (स्ट्रोक किती गंभीर ते सांगणारा आकडा) कितीतरी ठिकाणी लिहिलेलाच नसतो, थ्रॉम्बोलिसिसची (गुठळी विरघळवणारं औषध दिल्याची) वेळ खाडाखोड केलेली (आपणच केलेली असते म्हणा).

शिकायला काय मिळतं? केस रिपोर्टमधे लोकलायझेशन (बिघाड मेंदूत, नसांत नेमका कुठे ते ओळखणं) पक्कं होतं, वाचन होतं. पण प्रश्न कसा विचारायचा, बायस (निष्कर्ष एका बाजूला झुकवणारी चूक) कुठून शिरतो हे स्टडीच शिकवतो. छापून येणं केस रिपोर्टला अवघड, बरीच मोठी जर्नल्स घेतच नाहीत, काही घेतात ती पैसे मागतात.

पहिलं वर्ष, नाइट ड्युट्या, लिहायची सवय नाही, तर केस रिपोर्ट, सोबत केअर (CARE) चेकलिस्ट, म्हणजे केस रिपोर्टमधे काय काय हवं त्याची यादी, ठेवा. पुढे फेलोशिप करायचीय आणि वेळ देणारे गाइड आहेत, तर स्टडी. गाइड नुसते नावापुरते असतील तर स्टडीच्या वाटेला जाऊ नका.