वेताळाचा रतीब

पार्सल आलं तेव्हा मी दुकानात नव्हतो. कुरियरवाल्यानं ते शेजारच्या पिठाच्या गिरणीत दिलं आणि गिरणीवाल्यानं त्याच्यावर ज्वारीचा डबा ठेवला. तीन हजार दोनशेच्या पुस्तकाचा एक कोपरा उघडण्याआधीच दबला. डबा उचलता उचलता गिरणीवाला विचारतो, "हाई काय शे भो?" जुन्या पेपरातली चित्रं, असं म्हटलं तर गप्प बसला. माझ्यासारख्या पेपरवाल्यानं पैसे मोजून रद्दी घेतली, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

रद्दीच आहे म्हणा. वेताळाच्या, म्हणजे मूळच्या फँटम या मुखवट्यातल्या जंगलच्या नायकाच्या, अगदी सुरुवातीच्या दैनिक चित्रपट्ट्या एकत्र बांधलेलं हे इंग्रजी पुस्तक. लेखक ली फॉक, चित्रकार रे मूर. पहिली पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ची, वार सोमवार. सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीची. पुस्तक आडवं, जाड पुठ्ठ्याचं, चित्रं काळी-पांढरी. एका पानावर तीन पट्ट्या, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून सोमवार ते शनिवार आठवडा पुरा. रविवारची रंगीत पट्टी १९३९मध्ये सुरू झाली, तिची गोष्ट वेगळी चालायची. ती यात नाही. ही मांडणी ज्यानं कुणी ठरवली त्याला पेपर कळतो.

मला थोडाफार कळतो. चाळीसगाव स्टेशनवर पहाटे गठ्ठे उतरवून घेण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. आधी वडिलांची एजन्सी, मग माझी. एकदा पावसात एका गिऱ्हाइकाचा पेपर भिजला, तर त्यानं बातम्यांचं नाव काढलं नाही, चित्रपट्टीसाठी दुकानात येऊन भांडला. दुसरा अंक दिला तेव्हा पट्टी उभ्या उभ्या वाचली आणि पेपर काउंटरवर ठेवून गेला. त्या माणसाचं तेव्हा हसू आलं होतं.

आता माझीच चूक सांगतो. पहिल्या रात्री मी दोन महिन्यांच्या पट्ट्या एका बैठकीत वाचल्या आणि वैतागलो. तेच तेच! पहिल्या चौकटीत काल काय झालं त्याची उजळणी, मधल्या एक-दोन चौकटींत गोष्ट जेमतेम पाऊलभर पुढे, शेवटच्या चौकटीत कुणीतरी दारामागे उभं. की दुसऱ्या दिवशी पुन्हा उजळणी. महिन्याभराच्या दुधाचा रतीब एका रात्रीत प्यायला बसल्यावर दुसरं काय होणार? मग नेम केला. लाइनवरची पोरं सायकली घेऊन सुटली की चहाबरोबर एक जोडपान, फक्त एक आठवडा. रोज एकच पट्टी, हे काही जमलं नाही. तेवढा संयम साठीनंतर कुठून आणणार? (वाट पाहण्यात आमचं गाव तसं मुरलेलं. इथले छायाचित्रकार केकी मूस आयुष्यभर रात्रीच्या पंजाब मेलची वाट पाहत राहिले, असं इथे सगळे सांगतात.)

नेम लागल्यावर पुस्तक उघडलं खरं. शनिवारची शेवटची चौकट बाकीच्या पाचांपेक्षा जास्त जोराची असते, कारण तिला रविवार ओलांडायचा असतो. सोमवारची उजळणी जरा लांब, कारण वाचक सुट्टीवरून आलेला. हे वेताळाच्या गोष्टी छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये कधी कळलंच नव्हतं. मी आणि इंद्रजाल एकाच वर्षाचे, १९६४चे. मराठी अंक आमच्याच गठ्ठ्यातून यायचे आणि विकायच्या आधी मी वाचायचो. पण तिथे पट्ट्या कापून पानावर बसवलेल्या, त्यामुळे आठवड्यांचे सांधे बुजून गेलेले. इथे ते शिवणीसारखे दिसतात.

आणखी एक गंमत फक्त इथेच दिसते. सुरुवातीला जिमी वेल्स नावाचा एक ऐतखाऊ श्रीमंत पोरगा आहे. मुखवट्यामागे तोच, असा फॉकचा बेत होता, तशा खुणाही त्यानं पेरल्या आहेत. पुढे बेत बदलला, जंगल आलं, पिढ्यान्‌पिढ्यांची शपथ आली आणि बिचारा जिमी नुसताच लटकत राहिला. छापून घरोघर गेलेली पट्टी परत कशी घेणार? कादंबरीवाला मागचं पान फाडू शकतो, याला ती सोय नाही.

छपाईबद्दल थोडी तक्रार आहे. काही आठवडे लखलखीत, तर काही ठिकाणी काळं काळ्यात मिसळलेलं, अक्षरं फुगलेली. मूरची गंमत सावल्यांत आहे. त्या गिचमिडल्या की अर्धं चित्र गेलं. भिंग लागलं मला.

आणि जंगलाबद्दल. इंद्रजालवाल्यांनी वेताळाच्या मुलखाचं, बेंगालाचं, डेंकाली केलं होतं, का केलं ते मूळ वाचल्यावर समजतं. चाच्यांच्या टोळीला सरळ सिंग नाव, पूर्वेकडची माणसं बहुतेक कपटी नाहीतर भाबडी, आणि सगळ्यांच्या वर एक गोरा. लहानपणी हे डोळ्यात खुपलं नव्हतं. पुस्तकात त्यात काही सारवासारव केलेली नाही, ते बरंच केलं.

भाच्यानं पुण्याहून सुपरमॅनच्या पट्ट्यांचा संग्रहही वाचायला दिला होता. ती पट्टी जानेवारी १९३९ची. कॉमिकच्या पहिल्या अंकात क्रिप्टॉन, म्हणजे सुपरमॅनचा जन्मग्रह, एका पानात उरकला होता, पट्टीत त्याला पहिले बारा दिवस दिलेत आणि सुपरमॅनच्या आईबापांना नावंही पट्टीतच मिळाली. ते बारा दिवस झकास, पुढे मला जरा सपाट वाटलं. १९७७ची स्पायडरमॅनची पट्टी भाच्याला आवडते. असेल.

पैसे वसूल झाले का? झाले, पण ज्याला गोष्ट झटकन संपवायची सवय आहे त्यानं घेऊ नये. घेतलंच तर विकणाऱ्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवायला सांगा, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत नको.

मी आता १२ सप्टेंबरच्या शनिवारवर आहे. सातवीतल्या नातीनं मात्र दुपारी झोपेच्या वेळी पुस्तक काढून पहिली गोष्ट नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, वाचून टाकली आहे. परवापासून ती जेवताना माझ्याकडे बघून नुसती हसते. पुस्तक न खपलेल्या अंकांच्या, रिटर्नच्या वहीखाली ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलंय, पण आता उशीर झाला.