बुंधा काढायचाय: जेसीबी, छोटा पोकलेन की चार माणसं?

झाड तोडणारे दुपारपर्यंत फांद्या आणि खोड ट्रॉलीत भरून निघून जातात, अंगणात बुडखा तेवढा उरतो. मग शेजारचे काका सांगतात, "जेसीबी बोलवा, अर्ध्या तासाचं काम." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण बोलवण्याआधी टेप घेऊन दोन मापं घ्या: गेट किती रुंद आहे, आणि बुंध्यापासून दोन-तीन मीटरच्या आत काय काय आहे. बुंधा केवढा जाड, हा प्रश्न त्यानंतरचा.

आमच्याकडे दोन बुंधे निघाले. मागचा गुलमोहर जेसीबीने काढला, विहिरीजवळचा नारळ माणसांकडून. गुलमोहराच्या मुळ्या उथळ असतात, पण लांबवर पसरतात. एका बाजूने बकेट घालून मशीनने उचल घेतली आणि बुंध्यासोबत पाण्याची लाइनही वर आली. चालकाची चूक नव्हती, लाइन कुठून जाते हे मीच दाखवलं नव्हतं. मुळी ओलाव्याकडे जाते, म्हणून नळाच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांना विळखा घालून बसते. मशीन मुळी कापत नाही, ओढते. जे तिला धरून असेल ते सगळं तिच्यासोबत येतं.

रस्त्यावर दिसणारा पिवळा जेसीबी साधारण साडेसात ते आठ टनांचा असतो. रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे आठ फुटी गेटमधून तो कसाबसा शिरेल आणि खांबाचा कोपरा जाण्याची भीती राहील. खोदण्याचा हात मागच्या बाजूला. त्यामुळे मशीन बुंध्याकडे पाठ करून, दोन पाय टेकवून उभं राहायला हवं, आणि हात फक्त अर्ध्या वर्तुळात फिरतो. म्हणून जेसीबीला मोकळं अंगण लागतं. वर विजेच्या किंवा केबलच्या वायरी आहेत का तेही बघा. आणि मशीनच्या वाटेत सेप्टिक टँक किंवा जमिनीतली पाण्याची टाकी येत असेल, तर जेसीबीचा विचार तिथेच सोडा. टाकीवरची फरशी माणसांच्या वजनासाठी घातलेली असते.

जागा असेल तर मात्र जेसीबीला तोड नाही. चालक आधी बुंध्याभोवती चर मारतो, बकेटच्या दातांनी आडव्या मुळ्या तोडतो, मग एका बाजूने खाली शिरून उपटतो. काम झालं की पुढच्या बकेटने खड्डाही तोच भरतो. स्वतःच्या चाकांवर येतो, त्यामुळे वेगळं ट्रक भाडं नाही. दर तासावर असतो, पण येण्याजाण्याचा वेळ धरणार का आणि कमीत कमी किती तास लावणार, हे फोनवरच विचारून घ्या.

छोटा पोकलेन म्हणजे साखळीवर चालणारा तीनेक टनांचा. रुंदी साधारण दीड मीटर, त्याहून लहानही मिळतात. तो जागच्या जागी पूर्ण गोल फिरतो, रबरी पट्टे असतील तर फरशीही फारशी खराब करत नाही. बंगल्याच्या बाजूच्या अरुंद पट्टीत माझी पहिली पसंती यालाच. अडचण दोन ठिकाणी: तो गाडीवर लादून आणावा लागतो, त्यामुळे एका बुंध्यासाठी वाहतूक महागात पडते, आणि त्याची ताकद बेताची. दोन फूट जाडीची जुनी बाभूळ किंवा चिंच तो एका दमात उपटणार नाही. आधी सगळीकडून मुळ्या मोकळ्या कराव्या लागतात. गल्लीत आणखी दोघा-तिघांची कामं असतील तर एकाच दिवशी बोलवा, भाडं वाटून घेता येतं.

दोन्ही मशीनसाठी एक गोष्ट झाड तोडण्याच्या दिवशीच ठरवायला हवी. खोड जमिनीलगत कापू देऊ नका, तीन-चार फूट उभं ठेवायला सांगा. उंच खोडाला ढकललं की त्याचीच पहार होते आणि मुळ्या सुटतात. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला मशीन धरणार कुठे? मग खड्डा दुप्पट होतो आणि तासही. झाड अजून उभं असेल तर तोडण्याची परवानगी आधी काढा. शहरांत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी तो लागू होतो.

घराची भिंत, कंपाउंड किंवा गॅसची लाइन बुंध्याला खेटून असेल तर मी माणसांनाच काम देईन, वेळ लागला तरी. रोजावर देण्यापेक्षा उक्तं ठरवा, कारण आत किती मुळ्या निघतील हे खोदल्याशिवाय कुणालाच दिसत नाही. भोवती अडीच फूट चर, मग मुळ्या पाण्याने धुऊन घ्यायच्या. हे धुणं महत्त्वाचं: मातीतल्या खड्यांवर कुऱ्हाडीची धार तासाभरात जाते. शेवटी चैन कुप्पी (साखळी ओढून जड वस्तू खेचायचं साधन) लावून ओढायचं, पण कुप्पीचं दुसरं टोक कंपाउंडच्या खांबाला किंवा घराच्या कॉलमला कधीही बांधू देऊ नका. काळ्या मातीत पहिले दोन-तीन पाऊस झाले की हे काम निम्म्या कष्टात होतं. त्याच दिवसांत जेसीबी मात्र चाकं रुतून बसतो, मशीनचं काम उन्हाळ्यातच उरका. कोकणात जांभ्याच्या भेगांत शिरलेल्या मुळ्यांपुढे टिकाव-पहार फार लवकर थकते, तिथे जागा असेल तर मशीनच बरं.

बुंधा किसून भुसा करणारी यंत्रंही आहेत, पण ती सगळीकडे मिळत नाहीत आणि मुळ्या खालीच राहतात. वर नुसती लॉन लावायची असेल तर चालेल, खोली बांधायची असेल तर नाही.

राहिला न काढण्याचा पर्याय. बुडख्याला भोकं पाडून शेणकाला भरायचा, माती टाकून ओला ठेवायचा आणि काही वर्षं वाट पाहायची. घरापासून लांब, आंब्यासारख्या लवकर कुजणाऱ्या लाकडाला हे ठीक आहे. घराला लागून असेल तर वाळवीला आमंत्रण. सुबाभूळ आणि निलगिरी पुन्हा फुटतात, वर्षभर कोंब मोडत बसावं लागतं. नारळ फुटत नाही, पण कुजत्या नारळाच्या बुंध्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि शेजारच्या चांगल्या माडांचे शेंडे खातो. आमचा नारळ त्यासाठीच काढला. मीठ ओतू नका, तिथे पुढे काहीही लावता येत नाही. जाळण्याचा सल्लाही मिळेल, पण मुळी जमिनीखाली दिवसचे दिवस धुमसत राहते.

खड्डा एकदम भरू नका. अर्धा-अर्धा फूट माती, पाणी, मग धुम्मसने ठोकून बसवणं, असे थर द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे डबकं होतं. आणि निघालेला बुंधा कोण नेणार हे मशीन यायच्या आधी ठरवा. मातीने भरलेला बुंधा वखारवाला घेत नाही, कारण मुळ्यांत अडकलेला दगड त्याच्या करवतीचे दात घालवतो. आमचा गुलमोहर दोन महिने गेटजवळ पडून होता. शेवटी पावसाने माती धुतली, मग एका वीटभट्टीवाल्याने नेला.