कुलिंग म्हणजे गारवा नव्हे हां! (यर अ‍ॅपचा अनुभव)

दादा बोटीवर असतो, सुट्टीवर आला तेव्हा माझ्या मोबाइलवर यर नावाचं हवामानाचं अ‍ॅप टाकून गेला. नॉर्वेचं आहे, तिथलं हवामान खातं आणि एनआरके, म्हणजे त्यांचं दूरदर्शन म्हणा ना, दोघांनी मिळून २००७ मध्ये आधी वेबसाइट म्हणून सुरू केलेलं. फुकट, जाहिराती नाहीत आणि आमच्या गोव्यातल्या पेडण्याचंसुद्धा दाखवतं. यर म्हणजे त्यांच्या भाषेत झिमझिम पाऊस, नाव मला जाम आवडलं. फक्त दादाने भाषा नॉर्वेजियनच ठेवलेली आणि मला बदलायचा कंटाळा.

मे संपत आलेला, एका दुपारी वाऱ्यासमोर 'लितेन कुलिंग' आलं. मला वाटलं कूलिंगच, स्पेलिंग त्यांचं तसं असेल, चला गार हवा सुटणार, उकाड्याने जीव नकोसा झालेला. गच्चीवर चादरीत भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत घातलेली ती तशीच ठेवून मी आडवी झाले. उठून बघते तर चादर पाण्याच्या टाकीला गुंडाळलेली, अर्धी सोलं शेजारच्या काकीच्या अंगणात आणि तिच्या दोरीवरच्या पांढऱ्या साडीला लालभडक डाग!!

दादाला व्हॉइस मेसेज टाकला तर हा हसतोय. "अगो, कुलिंग म्हणजे जोराचा वारा. लितेन म्हणजे छोटा, पण छोटा असला तरी सेकंदाला १०.८ ते १३.८ मीटर." ३.६ ने गुणलं तर ताशी जवळजवळ चाळीस ते पन्नास किलोमीटर. तिकडे किनाऱ्यावर कुलिंगचा इशारा निघतो म्हणे, छोट्या होड्यांसाठी.

पण खरी मजा पुढे. हा शब्द नॉर्वेत आला डचांकडून, त्यांच्यात कूलेन म्हणजे गार होणं, आणि खलाशांच्या तोंडी त्याचंच वारा वाढणं झालं. इंग्रजी कूल त्याच घरातला. म्हणजे मी वाचलं ते मुळात बरोबरच होतं, काही शतकं उशिरा वाचलं एवढंच :) त्यांच्या वाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर ओरकान, म्हणजे प्रचंड वादळ, तो शब्द तर कॅरिबियन बेटांवरचा, स्पॅनिश आणि डचमधून फिरत तिकडे पोचलेला. पोर्तुगीज शिकलेले आमचे आजोबा वादळाला फुराकांव म्हणायचे, तो याचाच भाऊ.

अ‍ॅपला पाच स्टार, चूक माझीच. भाषा अजून बदललेली नाही, पण आता कुलिंगच्या एक पायरी खालचं 'फ्रिस्क ब्रिस' दिसलं तरी पळत जाऊन सोलं उचलते.