महापालिकेची वृक्षछाटणी सेवा : पाहणी चोख, करवत बेफिकीर

आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी, रस्त्याच्या कडेला महापालिकेचा एक जुना वर्षावृक्ष आहे आणि आवारात एक गुलमोहर व एक सोनमोहर. पावसाळ्यापूर्वी या तिन्ही झाडांच्या धोकादायक फांद्या उतरवून घेण्यासाठी आम्ही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज केला. अर्जापासून पालापाचोळा उचलला जाईपर्यंत या सेवेचा जो अनुभव आला, त्याचे हे परीक्षण आहे. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. राज्यातल्या बहुतेक महापालिकांमध्ये थोड्याफार फरकाने हीच पद्धत असल्यामुळे नावाने विशेष काही साधणार नाही.

अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्याबाबत तक्रारीला जागा नाही. झाडाचे छायाचित्र, पत्ता, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचे पत्र एवढ्यावर काम होते. खटकली ती अर्जातल्या पर्यायांची यादी: धोकादायक फांद्या काढणे, विस्तार कमी करणे, झाड समूळ काढणे, पुनर्रोपण करणे. झाडाला कीड लागली आहे, बुंध्याशी आळंबी उगवली आहे, मुळांवर काँक्रीट ओतले आहे, म्हणून कोणीतरी येऊन तपासावे, असे सांगण्यासाठी त्या यादीत रकानाच नाही. झाड ही एक अडचण आहे आणि नागरिक ती दूर करून मागायला आला आहे, हे या सेवेने पहिल्याच पानावर गृहीत धरले आहे. पुढे जे बिघडले, त्याचे मूळ मला या गृहीतकात दिसते.

स्वतःच्या आवारातल्या झाडासाठी परवानगी कशाला, असा प्रश्न सभासदांच्या बैठकीत दरवर्षी निघतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा खाजगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे, कापणे यांबरोबरच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते. असे झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती सात वर्षे जगवण्याची अट असते. आमचा वर्षावृक्ष या वयोगटात नक्की बसतो. त्यामुळे 'काढूनच टाका' म्हणणाऱ्या दोन सभासदांचा उत्साह कायद्याचे हे कलम वाचून दाखवल्यावर पुष्कळ ओसरला.

पाहणी हा या सेवेतला सर्वांत उजवा भाग. उद्यान विभागाचे मिस्त्री ठरलेल्या दिवशी आले आणि त्यांनी आधी फांद्यांकडे नव्हे, तर बुंध्याकडे पाहिले. लाकडी हातोडीने खोडावर चहूबाजूंनी ठोकत, एका जागी आवाज पोकळ येतो हे त्यांनी आम्हाला ऐकवले. गेल्या वर्षी केबलसाठी खणलेल्या चराच्या बाजूला माती उकरून तुटलेल्या मुळांची काळी पडलेली टोके दाखवली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. म्हणून एका बाजूची मुळे तुटल्यावर त्याच्या फांद्यांचे वजन दुसऱ्या बाजूला वाढू देऊ नये, हे त्यांनी ज्या सोप्या शब्दांत समजावले, तसे समजावणारा माणूस सरकारी खिडकीपलीकडे क्वचित भेटतो. गुलमोहर काढायची गरज नाही, एक वाळलेली फांदी उतरवली की पुरे, असे त्यांचे मत पडले. एवढ्या बारकाईने केलेली पाहणी परवानगीपत्रात मात्र 'अटी व शर्तींस अधीन राहून विस्तार कमी करण्यास हरकत नाही' एवढ्या एका ओळीत आटोपली आहे. कोणती फांदी, कुठून, किती, याचा पत्रात उल्लेख नाही. ज्याने झाड पाहिले आणि जो ते कापणार, या दोघांमध्ये कागदावर एवढाच दुवा असतो.

कापणारे ठेकेदाराचे लोक. हायड्रॉलिक शिडीची गाडी, पेट्रोलवरची करवत, दोरखंड, डोक्यावर शिरस्त्राणे असा सरंजाम होता. सुरक्षेच्या बाबतीत पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारणा आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. पण त्यांनी सोनमोहराचा शेंडा सपाट उडवला आणि वर्षावृक्षाच्या इमारतीकडच्या फांद्या मधेच, हात-दीड हात लांबीची थोटके ठेवून तोडल्या. हरकत घेतली, तेव्हा मुकादम म्हणाले, "साहेब, एकदा बोडकं केलं की पाच वर्षं बघायला नको." ठेकेदाराचे देयक झाडांच्या संख्येवर निघते, हेही त्यांनीच सांगितले, मग एका झाडावर विचार करत वेळ घालवणे त्यांना परवडणार तरी कसे?

पाच वर्षे बघायला नको, हे विधान साफ चुकीचे आहे. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथे सालीचा किंचित फुगीर, सुरकुतलेला कडा असतो. कापलेली जागा झाकणारी नवी वाढ या कड्यातून येते. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेल्या अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेल्या भागाभोवती झाड आतून भिंती घालते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. कड्याच्या लगत, पण कड्याला न दुखावता काप घेतला, तर ही भिंत लवकर उभी राहते. थोटूक ठेवले, तर ते वाळते, कुजते आणि ती कूज खोडात उतरते. शेंडा उडवलेल्या झाडावर कापाच्या भोवताली पुष्कळ सरळसोट फुटवे एकदम फुटतात. ते भराभर वाढतात, पण त्यांचा सांधा खोडात खोलवर रुजलेला नसतो, केवळ वरवर चिकटलेला असतो. दोन-तीन पावसाळ्यांत ते जाड होतात आणि वादळात तेच आधी मोडतात. म्हणजे ज्या धोक्यासाठी झाड बोडके केले, तो धोका वाढीव हप्त्याने परत येतो.

त्याच दिवशी, त्याच करवतीने, त्याच माणसाने गुलमोहराची फांदी उतरवली ती मात्र नमुनेदार. फरक एवढाच की, तेव्हा मिस्त्री खाली उभे होते. "दादा, तिथं नको, कड्याच्या बाहेरून घे," असे त्यांनी ओरडून सांगितले आणि शिडीवरच्या माणसाने आधी फांदीला खालून अर्धवट खाप दिली, मग थोडे पुढे सरकून वरून कापून तिचे वजन उतरवले आणि शेवटी उरलेले थोटूक कड्यालगत स्वच्छ काढले. खालची खाप नसती, तर फांदी पडताना तिने खोडाची साल खालपर्यंत सोलून नेली असती. कौशल्य त्या माणसाच्या हातात आहे, हे स्पष्ट दिसले. ते वापरायला सांगणारे कोणी तिथे असावे लागते. मिस्त्रींकडे दोन प्रभागांचे काम असल्याने ते तासाभरात पुढच्या ठिकाणी गेले. (जाता जाता सांगतो, कोकणातला आंबा बागायतदार जुन्या कलमाची छाटणी करून कापांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो, तेव्हा तो यापेक्षा अधिक विचार करतो, कारण पुढच्या हंगामाचे उत्पन्न त्याचे असते.)

वेळेबद्दलही लिहायला हवे. सगळी छाटणी मे महिन्यात कोंबलेली असते आणि नेमकी तेव्हाच कावळ्यांची घरटी झाडांवर असतात. घरटे झाडावर किती उंच बांधले यावरून पावसाचा अंदाज सांगणारी आपल्याकडची मंडळी वर्षावृक्षाखाली जमली होती. घरटे असलेली फांदी तेवढी त्यांच्या आग्रहामुळे वाचली. परवानगीपत्रात घरट्यांबद्दल अवाक्षर नव्हते. लाकूड त्याच संध्याकाळी उचलले गेले, डहाळ्या आणि पाला मात्र आठवडाभर फाटकाशी पडून होता. त्यात काही नवल नाही.

झाडांची मोजणी मात्र मनापासून चालते. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मुंबईच्या गणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे नोंदली गेली, हा आकडा अनेकांनी वाचला असेल. आमच्या वर्षावृक्षालाही क्रमांक आहे आणि त्याची प्रकृती नोंदीत 'चांगली' आहे. प्रत्यक्षात त्याच्या बुंध्याला चिकटून पदपथाचे काँक्रीट आहे. आळे करायला वीतभरही माती उघडी नाही. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली बुंध्याभोवती 1 मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. तो आदेश जोडून आम्ही उद्यान विभागाला पत्र दिले, तेव्हा पदपथ पथ विभागाचा असल्याने तिकडे अर्ज करावा, असे उत्तर आले. झाड एका खात्याचे आणि त्याची मुळे दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. पावसाळ्यात झाड कोसळले की पंचनाम्यात 'जुने झाड' हे कारण लिहिले जाते. चर कोणी खणला आणि काँक्रीट कोणी ओतले, हे लिहायला तिथेही रकाना नसतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर पाहणीला साडेचार, अर्जप्रक्रियेला साडेतीन, प्रत्यक्ष छाटणीला दीड. ही सेवा घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. खाजगी माणसाकडून परवानगीशिवाय झाड छाटून घेणे बेकायदा आहे आणि बहुतेक वेळा अधिक वाईटही. अर्ज मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच करावा. मे उजाडल्यावर गाडी मिळते, मिस्त्री मिळत नाहीत. पाहणीच्या वेळी कापायच्या फांद्यांवर चुन्याने खूण करून घ्यावी, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि छाटणीच्या दिवशी सोसायटीतल्या कोणीतरी शेवटची फांदी उतरेपर्यंत तिथे थांबावे. शेंडा उडवायचा नाही, हे अर्जातच लिहावे. परवानगीपत्रात आले नाही, तरी मुकादमाला दाखवायला कागद हाती राहतो. पदपथाचे काँक्रीट काढण्याचा आमचा अर्ज सध्या पथ विभागाकडे आहे. त्याचे काय होते, ते कळले की या परीक्षणात भर घालीन.